तो ऑफिसला कसा जायचा?

‘चंदू चॅम्पियन’ मी थिएटरात पाहिला तो जून २०२४ मध्ये, रिलीजनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. सोबत इंजिनिअरिंगपासूनचा मित्र होता. तो व्हीलचेअर वापरतो. शेवटच्या वर्षाला असताना बाइकचा अपघात झाला, मणक्याला मार लागला आणि कमरेखालची हालचाल गेली. डिग्री त्याने एक वर्ष उशिरा घेतली, माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी. आता तो एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि लॉकडाउनपासून घरूनच काम करत होता.

त्या मल्टिप्लेक्समध्ये व्हीलचेअर उभी करायला एकच जागा होती, अगदी पहिल्या रांगेच्या टोकाला. मी शेजारच्या खुर्चीत बसलो. सव्वादोन तास आम्ही दोघं मान वर करून कार्तिक आर्यनची हनुवटी पाहत होतो. पिक्चर संपला, दिवे लागले, मागे काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना एक काकू मुद्दाम थांबल्या, मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पाहिलंस ना बाळा? हिंमत सोडायची नाही.” तो “हो काकू” म्हणाला. त्याला याची सवय आहे.

लिफ्टमध्ये मी विचारलं, कसा वाटला?

“चांगला आहे की. वॉरचा सीन भारी आहे. फक्त तो ऑफिसला कसा जायचा, ते दाखवलंच नाही.”

मी हसलो. त्यालाही बहुतेक हसवायचंच होतं. पण त्याच आठवड्यात त्याच्या कंपनीचा मेल आला होता: ऑगस्टपासून सर्वांनी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं. हे मला दोन दिवसांनी कळलं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. आणि जितका विचार केला तितकं वाटत गेलं की या चित्रपटावरची खरी टीका त्या एका वाक्यात होती.

*

ज्यांनी पिक्चर पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी माणसाबद्दल. मुरलीकांत पेटकर, जन्म १९४४, सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर. लष्करात भरती झाले. ‘ईएमई’ म्हणजे इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या कोअरमध्ये जवान होते. लष्करात ते बॉक्सर झाले आणि १९६४ मध्ये टोकियोत सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून रिंगमध्ये उतरले. पुढच्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. पाय गेले. उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरायला लागले आणि पोहणारे झाले. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले; त्या स्पर्धेत भारत प्रथमच उतरला होता. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं, विश्वविक्रमासह. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, भारतीय खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्राचं सुवर्ण त्यानंतर ३६ वर्षांनी आलं.

सदतीस सेकंद. आपण एक रील पाहतो त्यापेक्षा कमी वेळ.

आता चित्रपट. कबीर खानचं दिग्दर्शन, मुरलीच्या भूमिकेत कार्तिक आर्यन, बॉक्सिंगचा कोच टायगर अली म्हणून विजय राज. गोष्टीची चौकट अशी: म्हातारा मुरली एका पोलिस ठाण्यात जातो आणि देशाच्या राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायची म्हणतो, कारण त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला नाही. समोर इन्स्पेक्टरच्या खुर्चीत श्रेयस तळपदे. म्हातारा गोष्ट सांगतो, ठाणं ऐकत बसतं आणि आपण मागे जातो: खाशाबा जाधवांची मिरवणूक डोळे फाडून पाहणारा छोटा मुरली, ‘चंदू चॅम्पियन’ म्हणून त्याला चिडवणारं गाव, कुस्तीचा आखाडा, पळून जाणं, लष्कर, बॉक्सिंग, युद्ध, हॉस्पिटल, पाणी, सुवर्ण. मग पुन्हा म्हातारा मुरली, आणि २०१८ ची पद्मश्री.

पिक्चर वाईट अजिबात नाही. युद्धाचा भाग सलग, न तोडल्यासारखा चित्रित केलाय, आणि त्यात कोणी घोषणा देत नाही. फक्त गोंधळ आहे, धावपळ आहे, शर्ट न घातलेली माणसं आहेत. कार्तिक आर्यनने शरीरावर घेतलेली मेहनत दिसते, आणि त्याहून जास्त मला त्याचा भाबडेपणा आवडला. चेष्टा होताना दरवेळी “हसता काहे को है” म्हणून उसळणारा मुलगा त्याने खरा केलाय. विजय राजबद्दल काय बोलायचं. तो नुसता उभा राहिला तरी सीन त्याचा होतो.

आणि हॉस्पिटलचा भाग. राजपाल यादव तिथला कर्मचारी आहे, टोपाझ नावाचा. हलता न येणाऱ्या माणसाची दाढी, त्याचं चिडणं, त्याला पलंगावरून हलवणं, मध्येच एखादा फालतू विनोद. या दहा-पंधरा मिनिटांत पार्श्वसंगीत मागे सरतं आणि दोन माणसं एका खोलीत वेळ काढताना दिसतात. पहिल्या रांगेत बसलेला माझा मित्र पूर्ण चित्रपटात फक्त इथे मोठ्याने हसला. नंतर म्हणाला, “वॉर्डबॉय असेच असतात. आपल्याला माणूस समजतात. डॉक्टर मणका समजतात.”

*

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते ती बॉक्सिंगमध्ये आहे. रिंगमधल्या सीन्सबद्दल तक्रार नाही. बॉक्सिंगने पिक्चरला जी गोष्ट सांगायची पद्धत दिली, तिच्याबद्दल आहे.

आपल्याकडे मराठीत बॉक्सिंगची स्वतःची भाषा फार नाही. पेपरात ‘मुष्टियुद्ध’ छापतात, पण बोलताना कोणी म्हणत नाही. आपली भाषा कुस्तीची. डाव टाकणं, पट काढणं, धोबीपछाड, चितपट हे शब्द ज्याने आयुष्यात आखाडा पाहिला नाही तोही ऑफिसच्या मीटिंगबद्दल बोलताना वापरतो. कुस्तीचा नियम सरळ आहे: पाठ टेकली की संपलं. एकदा चितपट झालात की पुन्हा उठून ‘मी अजून आहे’ म्हणायची सोय नाही. बॉक्सिंगमध्ये ती सोय आहे. तुम्ही आडवे झालात तर रेफ्री दहापर्यंत मोजतो. त्याच्या आत उठलात तर लढत चालू.

म्हणून सिनेमाला बॉक्सिंग इतकं आवडतं. १९७६ च्या ‘रॉकी’पासून आपल्या ‘मेरी कोम’पर्यंत सगळ्यांना ही दहापर्यंतची मोजणी उपयोगी पडलीय. पडणं, आकडे, उठणं. प्रेक्षकाचा श्वास आपोआप त्या आकड्यांवर अडकतो. ‘चंदू चॅम्पियन’ कुस्तीतून बॉक्सिंगमध्ये जातो तेव्हा तो फक्त खेळ बदलत नाही, गोष्टीचा नियमही बदलून घेतो. इथून पुढे मुरलीवर जे काही येतं ते ‘पाडणं’ आहे आणि तो जे करतो ते ‘उठणं’ आहे. गोळ्या म्हणजे नॉकडाउन. जलतरण म्हणजे उठून उभं राहणं. सुवर्ण म्हणजे विजय. मग व्यवस्था त्याला विसरते, म्हणजे दुसरा नॉकडाउन. पद्मश्री म्हणजे दुसऱ्यांदा उठणं. बेल वाजते, पिक्चर संपतो.

ऐकायला हे छान लागतं, पण ज्याचे पाय गेले त्याच्या आयुष्याला हे माप बसत नाही. मित्राला मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “मी उठलो वगैरे नाही रे. मी बसूनच पुढे गेलो.”

बॉक्सिंग ज्यांनी थोडंफार शिकलंय त्यांना माहीत असतं की ठोसा हातातून निघत नाही. तो मागच्या पायाच्या टाचेतून निघतो, कमरेतून वळतो, खांद्यातून बाहेर पडतो. हात फक्त शेवटचं टोक. म्हणजे १९६५ मध्ये पेटकरांच्या पायांसोबत त्यांचा ठोसाही गेला. जे शिल्लक राहिलं ते खांदे, छाती, श्वास, आणि तीन-तीन मिनिटांच्या राउंडमध्ये दमूनही डोकं ठिकाणावर ठेवायची सवय. पाण्यात याच गोष्टी कामाला आल्या असणार. म्हणजे बॉक्सर ‘पुन्हा उभा राहिला’ नाही. बॉक्सरचे सुटे भाग वेगळ्या यंत्रात बसले. मेकॅनिकलवाल्याला हे लगेच कळेल, आणि पेटकर तर ‘ईएमई’चे होते. टायगर अलीच्या काही सीन्समध्ये पिक्चर या कल्पनेच्या अगदी जवळ येतो: बॉक्सिंगचा कोच, हातांकडे पाहतोय. पण लगेच संगीत चढतं आणि आपण पुन्हा पडण्या-उठण्यात येतो.

*

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते वेळेचं. १९७२ आणि २०१८. मध्ये ४६ वर्षं आहेत. पेटकर हायडेलबर्गला पोहले तेव्हा २७ वर्षांचे होते, म्हणजे आज माझं जेवढं वय आहे साधारण तेवढे. पद्मश्री मिळाली तेव्हा सत्तरी ओलांडली होती. एखाद्या माणसाचं सगळं कमावतं आयुष्य या दोन तारखांमध्ये मावतं. चित्रपटात या मधल्या काळाला जवळजवळ जागाच नाही. तिथे फक्त एक शब्द आहे: विसरले.

पण पेटकर त्या काळात नाहीसे झाले नव्हते. ते पुण्यात होते. टेल्कोत नोकरी करत होते. ज्या कंपनीला आपण आज टाटा मोटर्स म्हणतो, जिच्या बस सकाळी पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर दिसत आणि जिच्यात कोणीतरी काका, मामा किंवा शेजारी असणं ही पुण्यातल्या एका पिढीची ओळख होती, ती टेल्को. भारताचा पहिला वैयक्तिक सुवर्णपदक विजेता आपल्याच शहरात कामाला जात होता.

कसा? माझ्या मित्राचा प्रश्न हाच. १९७० च्या दशकातलं पुणे डोळ्यासमोर आणून बघा. अपंगांच्या हक्कांचा देशातला पहिला व्यापक कायदा आला १९९५ मध्ये, आणि आत्ताचा २०१६ मध्ये. म्हणजे पेटकरांच्या नोकरीची सुरुवातीची वीसएक वर्षं तरी कुठल्याही इमारतीला रॅम्प असलाच पाहिजे असं म्हणायला कायद्याचा आधार नव्हता. संडास, पायऱ्या, कॅन्टीन, पावसाळा, गेट. याच काळात याच शहरात, खडकीला, युद्धात मणक्याला जखम झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं, १९७४ मध्ये. पायांच्या जखमा घेऊन युद्धावरून परतलेल्यांचं हे शहर आहे. आयटीच्या आणि पेन्शनरांच्या पुण्यावर आपण जोक करतो, या पुण्याबद्दल आपल्याला काही माहीत नसतं. एवढं सगळं साहित्य हाताशी असताना चित्रपट पुण्याकडे वळून बघत नाही.

यावर नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. कमर्शियल पिक्चरमध्ये हीरो मस्टरवर सही करतोय हे कोण बघणार? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर याच चित्रपटात आहे: राजपाल यादवचा भाग. तिथेही काही ‘घडत’ नाही. एक माणूस दुसऱ्याला दिवस ढकलायला मदत करतो, आणि आपण बघत राहतो. कबीर खानला हे येतं. फक्त ते हॉस्पिटलमध्ये चालतं, कारण तिथे माणूस पडलेला आहे आणि पुढे उठणार आहे याची खात्री आहे. टेल्कोत ती खात्री देता येत नाही. तिथे उद्याही कामावर जायचंय, एवढंच.

बॉक्सरवरचे चांगले चित्रपट हे टाळत नाहीत. स्कॉर्सेसीचा ‘रेजिंग बुल’ (१९८०) सुरू आणि संपतो एका सुटलेल्या शरीराच्या माणसावर, जो कधीकाळी मिडलवेट चॅम्पियन होता आणि आता क्लबात लोकांना हसवून पोट भरतो. याउलट मायकल मॅनचा ‘अली’ (२००१) १९७४ च्या किन्शासातल्या विजयापाशी थांबतो. हेवीवेट जगज्जेता मोहम्मद अली त्यानंतर ४२ वर्षं जगला, त्यातली बरीच वर्षं पार्किन्सन्ससोबत. १९९६ मध्ये अटलांटाला थरथरत्या हातांनी ज्योत पेटवणारा अली मला किन्शासातल्या अलीइतकाच मोठा वाटतो. पण तिथे कोणाला हरवायचं नव्हतं, म्हणून सिनेमाची बेल आधीच वाजली.

*

आता पुरस्काराबद्दल, कारण ‘चंदू चॅम्पियन’चा सगळा तोल त्यावर आहे. मुरलीची तक्रार ‘मला अर्जुन मिळाला नाही’ ही आहे आणि चित्रपटाचं समाधान ‘मग पद्मश्री मिळाली’ हे आहे. तक्रार खरी आहे. हायडेलबर्गच्या सुवर्णाची दखल घ्यायला आपल्याला लाजिरवाणा वेळ लागला. ज्यांच्याकडे पाहून छोटा मुरली स्वप्न बघतो त्या खाशाबा जाधवांचंही तेच: १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशकाने. त्यामुळे पिक्चरचा राग मला मान्य आहे. पण पुरस्कार वेळेवर मिळाला असता तर गोष्ट सुखान्त झाली असती, हे गृहीतक मान्य नाही. त्यासाठी दुसऱ्या एका फौजी बॉक्सरकडे बघा.

कौर सिंग. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातले, लष्करातलेच, आणि हेवीवेट. १९८० मध्ये मोहम्मद अली दिल्लीला आला होता तेव्हा त्याच्यासमोर प्रदर्शनीय लढतीत उभे राहिलेले. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेट गटात सुवर्ण. त्याच वर्षी अर्जुन, १९८३ मध्ये पद्मश्री. म्हणजे पेटकरांना जे मिळायला हवं होतं ते सगळं, आणि वेळेवर. पुढे ते गावी शेती करत होते, आणि २०१७ मध्ये बातमी आली की हृदयाच्या उपचारांसाठी त्यांना दोन लाखांचं कर्ज काढावं लागलंय. बातमी झाल्यावर मदत पोचली. २०२३ मध्ये ते गेले.

पेटकर आणि कौर सिंग शेजारी ठेवले की दिसतं: एकाला पुरस्कार नव्हता पण महिन्याचा पगार होता. दुसऱ्याकडे दोन्ही पुरस्कार होते आणि दवाखान्याच्या बिलासमोर ते उपयोगी पडले नाहीत. यावरून पुरस्कार नकोत असं मला म्हणायचं नाही. पण चॅम्पियनचं आयुष्य कशावर तगतं असा प्रश्न असेल तर पडद्यावर पदकाइतकीच जागा पगाराला द्यायला हवी. आपल्या वयाच्या, नोकरीवर जगणाऱ्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि न्याय म्हणून हेही सांगतो: चित्रपट आल्यानंतर पेटकरांना अर्जुन पुरस्कारही मिळाला, जीवनगौरव प्रकारातला. जानेवारी २०२५, राष्ट्रपती भवन. ऐंशी वर्षांचे पेटकर कुबड्यांवर चालत पुढे आले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पिक्चर नसता तर हे झालं असतं का, मला शंका आहे. तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. तो व्हिडिओ मी मित्राला पाठवला. त्याने हार्टचा इमोजी पाठवला, मग एक मेसेज: “चालायला लावलं राव ८० वर्षांच्या माणसाला.” मी लिहिलं, त्यांनाच चालत जायचं असेल. थोड्या वेळाने उत्तर आलं, “हां, तेही असेल. मीपण तेच केलं असतं.”

*

पेटकरांबद्दल वाचताना मला एक तपशील सापडला जो चित्रपटाला गरजेचा वाटला नाही आणि मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हायडेलबर्गला ते फक्त पोहले नाहीत. ते भालाफेकीत होते, अचूक भालाफेकीत होते आणि स्लॅलममध्ये होते. तिन्हींत अंतिम फेरीपर्यंत गेले.

व्हीलचेअर स्लॅलम म्हणजे अडथळ्यांची शर्यत. घड्याळ लावायचं आणि खुर्ची वळणांमधून, चढ-उतारांवरून, रॅम्पवरून कमीत कमी वेळात न्यायची. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये स्टोक मँडविलला १९४८ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी ज्या स्पर्धा सुरू केल्या, त्यांतून पॅरालिम्पिक वाढलं. त्यामुळे त्यातल्या काही खेळांना पुनर्वसनाचा वास आहे, आणि स्लॅलमला तर फारच: खेळ म्हणून जे केलं तेच दुसऱ्या दिवशी रस्त्यावर करायचं. गंमत म्हणजे ती स्पर्धा त्या वर्षीच्या ऑलिम्पिकच्या म्युनिक शहरात होऊच शकली नाही. तिथल्या क्रीडाग्रामाचं खासगी फ्लॅटमध्ये रूपांतर करायचं होतं, त्यामुळे व्हीलचेअरवाल्या खेळाडूंना ते मिळालं नाही आणि सगळी स्पर्धा हायडेलबर्गला गेली. जगातले सगळ्यात तयार व्हीलचेअरवाले, आणि त्यांनाही ‘इथे जागा नाही, तिकडे जा’.

म्युनिकचं ऑलिम्पिक सुरू होण्याआधीच, ऑगस्ट १९७२ मध्ये, पेटकर आपलं सुवर्ण जिंकून मोकळे झाले होते. त्यात पोहण्याचं पदक आलं म्हणून पिक्चर पोहण्याचा झाला. ते ठीकच आहे. पण सदतीस सेकंदांचं पोहणं एकदाच होतं. स्लॅलम पुढे रोज, घर ते कामाची जागा आणि परत.

मित्राच्या कंपनीची गोष्ट सांगून थांबतो. मेल आल्यावर त्याने ‘मला जमणार नाही’ असं उत्तर दिलं नाही. तो टेस्टर आहे. एक दिवस कॅब करून ऑफिसला गेला, दारातल्या रॅम्पवर मोबाइल ठेवला आणि लेव्हलच्या अ‍ॅपने उतार मोजला. बारा इंच लांबीला एक इंच चढ असं प्रमाण ठरलेलं आहे, म्हणजे पाच अंशांपेक्षा थोडा कमी. स्क्रीनवर ११ अंश आले. त्याचा स्क्रीनशॉट जोडून त्याने एचआरला मेल टाकला, आपण बग रिपोर्ट लिहितो तसा: अपेक्षित असं, प्रत्यक्षात असं, पुन्हा तपासून पाहण्याच्या पायऱ्या एक ते चार. “संबंधित टीम पाहत आहे” असं उत्तर आलं. चार महिन्यांनी नवा रॅम्प झाला. कॅफेटेरिया अजूनही सहा पायऱ्या वर आहे. जेवण डेस्कवर मागवतो.

तो आता आठवड्यातून दोन दिवस जातो. तिसऱ्या दिवसाबद्दल मॅनेजरशी बोलणं चालू आहे. फेब्रुवारीत मी एकदा त्याच्यासोबत गेलो आणि वेळा लिहून ठेवल्या. सात चाळीसला कोथरूडच्या घरातून निघालो. पहिल्या कॅबवाल्याने डिकीत सीएनजीची टाकी आहे, खुर्ची बसणार नाही म्हणून राइड रद्द केली. दुसरा आठ पाचला आला. खुर्चीची चाकं काढून ती मागच्या सीटवर, मित्र पुढे. चांदणी चौक, मग हिंजवडीचं ट्रॅफिक. नऊ वीसला गेट. सिक्युरिटीवाल्या दादांना माहीत होतं, त्यांनी बाजूचा बॅरियर उचलला. रॅम्प, त्याने एका दमात. लिफ्टसमोर गर्दी, पहिल्या दोन लिफ्ट सोडल्या. नऊ एक्केचाळीसला तो डेस्कवर होता. दोन तास आणि एक मिनिट. त्याने लॅपटॉप उघडला, हेडफोन लावले आणि स्टँडअपला म्हणाला, “गुड मॉर्निंग, नो ब्लॉकर्स.”

पडद्यावर हे दोन मिनिटांत बसलं असतं.